थंडीत गॅस ब्रूडर का विझतो?

कुकडी, मीना आणि घोड नद्यांच्या खोऱ्यांत डिसेंबर-जानेवारीतील पहाटेचा गारठा बोचरा असतो. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील कुक्कुटपालकांसाठी हे दिवस कसोटीचे ठरतात. एक दिवसाच्या पिलाला शरीराचे तापमान स्वतः राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते; पुढे ती दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी केली जाते. वीज गेली की दिव्यांची ऊब थांबते, म्हणून गॅसवरील ब्रूडरचा आधार घेतला जातो. तो मध्यरात्री विझला, तर पिले उबेसाठी एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून दगावतात. बिघाडाची कारणे मात्र बहुधा साधी असतात.

सिलिंडर जड, तरी ज्योत मंद

एलपीजी हे प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असते. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, तर ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. द्रवाचा वायू होताना लागणारी उष्णता सिलिंडरच्या पत्र्यामार्फत भोवतालच्या हवेतून मिळते. एका सिलिंडरवर अनेक ब्रूडर चालविल्यास आतील द्रव थंड होतो, दाब घटतो, सिलिंडरवर दव किंवा हिम दिसू लागते आणि ज्योत मंदावते. सिलिंडर सरत आल्यावर त्यात ब्युटेनचे प्रमाण वाढते आणि ही अडचण अधिक जाणवते. अशा वेळी सिलिंडरला जाळ किंवा उकळते पाणी कदापि लावू नये. अधिकृत वितरकाकडून दोन सिलिंडर एकत्र जोडून घ्यावेत. ते शेडबाहेर, सावलीत, उभेच ठेवावेत. व्यवसायासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच वापरावा, १४.२ किलोचा सिलिंडर केवळ घरगुती वापरासाठी असतो.

पिवळी ज्योत आणि काजळी

निळ्या ज्योतीऐवजी पिवळी ज्योत दिसल्यास बर्नरला हवा अपुरी पडत आहे, असे समजावे. भाताच्या तुसाची धूळ हवेच्या छिद्रांत व नोझलमध्ये साचते. ब्रूडर बंद करून थंड होऊ द्यावा आणि मऊ ब्रशने स्वच्छ करावा. नोझलमध्ये तार किंवा टाचणी घालू नये. छिद्र मोठे झाल्यास गॅस जादा येतो.

बटण सोडताच विझणे

ज्या ब्रूडरमध्ये थर्मोकपल असते, त्यात ज्योत विझताच गॅस आपोआप बंद होतो. थर्मोकपलचे टोक काजळले किंवा ज्योतीपासून सरकले, तर बटण सोडताच ज्योत जाते. टोक पुसून जागेवर बसवावे. तरीही अडचण राहिल्यास थर्मोकपल बदलावे. ही यंत्रणा काढून टाकून ब्रूडर चालविणे म्हणजे अपघातास निमंत्रण होय.

गळती आणि कोंडलेली हवा

एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास येताच सिलिंडर बंद करावा, पडदे उघडावेत, विजेचे कोणतेही बटण दाबू नये आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. गळती साबणाच्या पाण्याने तपासावी, काडी ओढून नव्हे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ऊब टिकावी म्हणून पडदे पूर्ण बंद करणे. ज्वलनाला प्राणवायू लागतो. तो अपुरा पडल्यास कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या विषारी वायूला ना रंग, ना वास. प्राणवायूच्या कमतरतेमुळे पिलांत पुढे जलोदराचा धोका वाढतो. राखणीला थांबलेल्या माणसाचे डोके दुखू लागले किंवा चक्कर आली, तर त्याने तत्काळ बाहेर पडावे. पडद्यांचा वरचा भाग थोडा उघडा ठेवावा आणि पेटत्या ब्रूडरच्या शेडमध्ये झोपू नये.

पिलांकडे पाहूनही बरेच कळते. ती ब्रूडरखाली दाटली तर ऊब कमी, कडेला पांगून पंख पसरू लागली तर जादा, एकाच बाजूला गोळा झाली तर दुसरीकडून वारा येत आहे. पिले सर्वत्र सारखी पसरलेली असली, म्हणजे ऊब योग्य आहे. पिले येण्याच्या आदल्या दिवशी ब्रूडर पेटवून पाहावा; बिघाड दिवसाउजेडी सापडला, तर दुरुस्तीला वेळ मिळतो.