माहूरच्या तटावरचं बिनमुळांचं बिऱ्हाड

रेणुकामातेचं दर्शन झालं, दत्तशिखर झालं, की पावलं माहूरगडाकडे वळतात. तिथल्या काळ्या दगडांवर राखाडी, पांढरट ठिपके दिसतात. चुन्याचे डाग समजून पुढे जाऊ नका. ही जिवंत शैवाकं आहेत, आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाची भावंडं!

शैवाक हा एकटा जीव नव्हेच. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेलं हे बिऱ्हाड. बुरशी आसरा देते, ओल धरते. शैवाल उन्हाच्या जोरावर साखर बनवून दोघांचं पोट भरतं. सायमन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६७ साली हे सांगितलं, तेव्हा भल्याभल्यांनी ते धुडकावलं. २०१६ साली तर काही शैवाकांत यीस्टचाही मुक्काम सापडला.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही मंडळी वाळून कडकडीत होतात, पण मरत नाहीत. पावसाची सर आली की काही मिनिटांत पुन्हा कामाला लागतात. चिवटपणा किती? २००५ साली दोन जाती यानाबाहेर उघड्या अवकाशात सुमारे पंधरवडा ठेवल्या, आणि परत आल्यावर त्या जिवंत होत्या!

मुळं नसल्यामुळे हवेतून येईल ते शोषून घ्यायचं, चांगलं तसंच वाईटही. त्यामुळे गंधकाच्या धुराने नाजूक जाती आधी नाहीशा होतात. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे अभ्यासक शैवाकं तपासून हवेतल्या जड धातूंचा माग काढतात.

रानातही यांना मोठा मान. त्यांच्या आम्लांनी खडक कणाकणाने झिजतो आणि मातीची सुरुवात होते. गोगलगायी आणि किडे त्यांवर चरतात. छोटा निखार हा पक्षी वाटीएवढं घरटं कोळ्याच्या जाळ्याने बांधतो आणि बाहेरून शैवाकाचे तुकडे चिकटवतो. मग ते फांदीची गाठच वाटतं.

काळ्या मसाल्यातलं दगडफूल मात्र पानासारखं पसरणारं, आणि बाजारात ते बरंचसं हिमालयाच्या उतारांवरून येतं. तेव्हा गडावरचं खरवडून डब्यात भरायला जाऊ नका. दगडाला घट्ट चिकटलेल्या अनेक जाती वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाहीत. तटावर नाव कोरणारा कुणी दिसला, तर त्याला जरूर थांबवा: दोन मिनिटांत खरवडलेला ठिपका भरून यायला कित्येक दशकं लागतात.