‘पुढे न्या’ म्हणण्यापूर्वी

तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करताना मी सर्वाधिक ऐकलेले दोन शब्द म्हणजे ‘पुढे न्या’. अर्धांगवायूचा रुग्ण आला की गावचा डॉक्टर त्याला तालुक्याला धाडतो, तालुक्याचा जिल्ह्याला आणि जिल्ह्याचा पुण्या-मुंबईला. यात कुणाचीही नियत वाईट नसते. मेंदूविकारतज्ज्ञ नाही, पक्षाघाताचा स्वतंत्र कक्ष नाही, मग उगाच हात कशाला लावा, असा हा विचार. वरकरणी तो सावधपणाचा वाटतो. परंतु रुग्णाचे मोठे नुकसान त्यानेच होते.

पक्षाघाताच्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे आठांच्या मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते. रक्त थांबले की मेंदू मिनिटामिनिटाने मरू लागतो. मोठी वाहिनी बंद पडल्यास मिनिटाला १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब अमेरिकन तज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेज हे औषध तीन तासांत दिल्यास अपंगत्व टळू शकते, हे १९९५ साली अमेरिकेतील चाचणीने दाखवले; २००८ मध्ये युरोपातील चाचणीने ही मुदत साडेचार तासांवर नेली.

साडेचार तास ऐकायला पुष्कळ वाटतात. पण शेतात हात लुळा पडला, की पहिला अर्धा तास ‘वारे लागले असेल’ म्हणण्यात जातो. मग कुणी पारव्याचे रक्त चोळायला सांगतो. जीप मिळेपर्यंत दीड तास उलटलेला असतो. त्यानंतर दोन दवाखाने, दोन चिठ्ठ्या. मोठ्या शहरातल्या सुसज्ज रुग्णालयाच्या दारात रुग्ण पोहोचतो तेव्हा तिथे तज्ज्ञ असतो, यंत्रे असतात. उरलेली नसते ती वेळ.

म्हणून प्रश्न असा, की स्वतंत्र कक्ष नसलेल्या साध्या रुग्णालयात काय होऊ शकते? सीटी स्कॅन मात्र हवाच. गुठळी आहे की रक्तस्राव, हे नुसत्या लक्षणांवरून ठरत नाही, आणि रक्तस्राव असताना हे औषध देणे जिवावर बेतते. त्याखेरीज लागते ते काय? साखर तपासण्याचे यंत्र, कारण साखर फार उतरली तरी पक्षाघातासारखीच लक्षणे दिसतात. रक्तदाब १८५/११० च्या खाली आणता येणे. वजनाप्रमाणे औषधाची मात्रा आणि त्यानंतर दिवसभर रुग्णावर नजर ठेवणारी परिचारिका. टेनेक्टेप्लेज हे नंतरचे औषध तर एकाच इंजेक्शनात देता येते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फोनच्या दुसऱ्या टोकाला एक तज्ज्ञ.

हे स्वप्नरंजन नव्हे. हिमाचल प्रदेशासारख्या डोंगराळ राज्यात २०१४ पासून सीटी स्कॅन असलेल्या सरकारी रुग्णालयांतील डॉक्टरांनी तज्ज्ञांच्या दूरध्वनीवरील सल्ल्याने हे औषध दिले, तेही मोफत. आसामात तेजपूरच्या बाप्टिस्ट ख्रिश्चन रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञ नसताना फिजिशियन आणि परिचारिकांनीच पक्षाघात कक्ष चालवून दाखवला.

मग अडते कुठे? भीतीपाशी. १९९५ च्या चाचणीत औषध घेतलेल्या शंभरांपैकी सुमारे सहा जणांच्या मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला होता. तसे आपल्याकडे घडले तर नातेवाईक दवाखाना फोडतील, ही धास्ती मी अनेक सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे. ती खोटी नाही. तिच्यावर उपाय एकच. धोका आणि लाभ दोन्ही नातेवाइकांना त्यांच्याच भाषेत, आधी, स्पष्ट सांगणे. शंभरांतले सहा सांगावेत, तसेच औषध न दिल्यास जन्मभर खाटेला खिळण्याची शक्यताही सांगावी. निर्णय घेण्याइतकी शहाणी माणसे खेड्यात असतात.

वेळ टळून आलेल्या रुग्णासाठीही करण्यासारखे पुष्कळ असते. ऑस्ट्रेलियात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात परिचारिकांनी तीनच गोष्टी कसोशीने सांभाळल्या: ताप, साखर आणि गिळण्याची क्षमता. तीन महिन्यांनंतर मृत्यू वा परावलंबित्वाचे प्रमाण ५८ वरून ४२ टक्क्यांवर आले. आपल्याकडे मात्र लुळ्या तोंडात मायेने चहा ओतला जातो; तो फुप्फुसात जातो आणि पुढे न्यूमोनिया रुग्णाला नेतो. रक्तदाब वाढलेला दिसताच जिभेखाली औषध देऊन तो झटकन खाली आणणेही तितकेच घातक.

काहींना पुढे न्यावेच लागते. मोठी गुठळी नळीवाटे ओढून काढण्याचे उपचार २०१५ पासून सिद्ध झाले आहेत आणि ते मोठ्या केंद्रातच होतात. पण आधी इथे औषध सुरू करावे, तिकडे फोन करावा आणि मगच गाडी हलवावी.

प्रत्येक जिल्ह्यात रात्री दोन वाजता सीटी स्कॅन कुठे चालू असतो आणि हे औषध कुठे ठेवलेले असते, याची यादी १०८ च्या प्रत्येक रुग्णवाहिकेत असायला हवी. यासाठी नवी इमारत लागत नाही. आणि घरच्यांनी एवढेच लक्षात ठेवावे: तोंड वाकडे झाले, हात खाली पडला, बोबडी वळली, की रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ कागदावर लिहून घ्यावी. दवाखान्यात आम्ही पहिला प्रश्न तोच विचारतो.