लाकडी पेन : टोक गुण्यात, तर पेन टिकाऊ

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची पेनांची आवड सर्वश्रुत आहे. त्यांच्या पुतळ्याच्या कोटाला पेन नाही, असे क्वचितच आढळेल. महापरिनिर्वाणदिनी हार-फुलांऐवजी वही-पेन अर्पण करावे, हा विचारही आता समाजात रुजत आहे. तेव्हा पेन केवळ वापरण्यापेक्षा ते घडवण्याची विद्याही आपल्या मुलामुलींनी का शिकू नये? विशेषतः आय.टी.आय.मध्ये टर्नर किंवा सुतारकाम शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना लाकडी पेन कातणे हा चांगला जोडधंदा होऊ शकतो. या कामातील एका लहान, पण निर्णायक टप्प्याची माहिती येथे देत आहे. तो टप्पा म्हणजे ठोकळ्याची टोके गुण्यात आणणे.

प्रथम पेन कसे तयार होते ते पाहू. साधारण पाऊण इंच चौरस आणि ५ इंच लांब असा शिसम, सागवान किंवा बाभळीचा ठोकळा घेतात. नेहमीच्या बारीक पेनासाठी त्याचे दोन तुकडे करतात. प्रत्येक तुकडा पितळी नळीपेक्षा २-३ मि.मी. लांब ठेवतात. तुकड्याच्या मधोमध ७ मि.मी.चे छिद्र पाडून त्यात ती नळी इपॉक्सीने चिकटवतात. त्यानंतरच लाकूड लेथवर चढते. नळीच्या दोन्ही तोंडांत पेनाचे धातूचे भाग दाबून बसवतात.

आता टोक गुण्यात नसेल तर काय होते? लेथच्या दांड्यावर, म्हणजे मँड्रेलवर, ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना बुश असतात. टोक तिरके असेल तर बुश एकाच कडेला टेकतो. नट आवळला की दांडा किंचित वाकतो आणि कातलेले लाकूड नळीशी समकेंद्री राहत नाही. एका बाजूला ते जाड, तर दुसऱ्या बाजूला पातळ होते. पुढे धातूचा भाग दाबताना तो तिरका शिरतो आणि लाकडाला चीर जाते. चीर गेली नाही तरी सांध्यात फट दिसते. १२ मि.मी. जाडीच्या पेनाला फक्त १ अंशाचा फरक पडला, तरी एका कडेला सुमारे ०.२ मि.मी. फट राहते. वहीच्या दोन पानांएवढी ही जाडी डोळ्यांना दिसते आणि नखालाही लागते.

येथे नवशिक्याची एक समजूत दूर केली पाहिजे. तो ठोकळ्याच्या बाहेरच्या बाजूला गुण्या लावतो आणि टोक करवतीने सरळ कापतो. परंतु लाकडाच्या रेषांमुळे ड्रिल आत थोडे सरकलेले असते. त्यामुळे छिद्र बाहेरच्या बाजूला समांतर असेलच असे नाही. शिवाय बाहेरचे लाकूड तर कातून जाणारच आहे. शेवटी राहते ती नळी. म्हणून टोक काटकोनात हवे ते नळीच्या अक्षाशी, बाहेरच्या पृष्ठभागाशी नव्हे.

यासाठी बॅरल ट्रिमर नावाचे हत्यार मिळते. त्याचा गुळगुळीत दांडा नळीत बसतो आणि दांड्याशी काटकोनात असलेले दाते टोकाचे लाकूड छाटतात. काम सुरू करण्यापूर्वी नळीत इपॉक्सी पूर्ण वाळल्याची खात्री करावी. आत वाळलेला थर असेल तर गोल कानशीने काढावा, नाहीतर दांडाच तिरका बसेल. जाड नळीला तिच्या मापाचे वेष्टण दांड्यावर चढवावे. ठोकळा हातात न धरता क्लॅम्पमध्ये पकडावा. ड्रिलचा वेग कमी ठेवावा आणि दाब हलका असावा. टोकाला आधी स्केच पेनाची शाई फासावी. शाई जेथे उरली तेथे अजून दाता पोहोचलेला नाही. शाई पूर्ण गेली आणि पितळेची कडा सर्व बाजूंनी सारखी चकाकली की तत्काळ थांबावे. त्यापुढे गेल्यास नळीच आखूड होते आणि रिफिलचे टोक नीट आत जात नाही.

ठिसूळ लाकडाचे किंवा ॲक्रिलिकचे दात्यांनी टवके उडतात. अशा वेळी लेथच्या चकात काचकागद लावलेली सपाट तबकडी बसवावी. समोरच्या टेलस्टॉकमधील ड्रिल चकात नळीच्या मापाचा दांडा पकडावा आणि त्यावर ठोकळा चढवून हलकेच तबकडीला लावावा. वेळ जास्त लागतो, पण टवका उडत नाही. दोन्ही पद्धतींत चष्मा व नाकाला मास्क आवश्यकच आहे. शिसमाची बारीक धूळ अनेकांना बाधते.

बंधू-भगिनींनो, धंदा जन्माने ठरू नये, हा विचार बाबासाहेबांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये परखडपणे मांडला. लाकूड कातणे हे अमुक एका जातीचे काम, हा समज आपण मोडावयाचा आहे. हत्यार जात विचारत नाही, माप विचारते. भगवान बुद्धांनी सांगितलेल्या सम्यक आजीविकेचा अर्थही येथे ध्यानी घ्यावा. वरून पॉलिश केलेले, पण आतून तिरके पेन गिऱ्हाईकाला देणे ही फसवणूकच होय. सांध्यातील तिरकेपणा आज पॉलिशखाली लपेल, पण चार महिन्यांनी चीर होऊन उघडा पडेल. मग त्या गिऱ्हाईकाचा विश्वास परत मिळणे कठीण. म्हणून विद्यार्थ्यांनी टोकाला दोन मिनिटे अधिक द्यावीत. आपल्या हातचे पेन कुणा लेकराच्या परीक्षेत मध्येच दगा देणार नाही, याची हमी त्या दोन मिनिटांत आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!