शिंगाडा: तळ्यातले पीक

भंडारा-गोंदियाच्या जुन्या मालगुजारी तळ्यांवर पावसाळ्यात शिंगाड्याचा वेल पसरतो. पानाच्या देठाला हवा भरलेला फुगवटा असतो, म्हणून पाने तरंगतात. फळ मात्र पाण्याखाली धरते. दसरा-दिवाळीच्या सुमारास तोडणी सुरू होते. ढिवर बांधव छातीभर पाण्यात उतरून किंवा डोंग्यात बसून एकेक फळ हाताने तोडतात. शिंगांची टोके बोटांत रुततात. शहरात पिठाची पुडी घेताना हे कष्ट कुणाला दिसत नाहीत.

ओला शिंगाडा फार दिवस टिकत नाही, त्यामुळे बाजारात मिळेल त्या भावाने द्यावा लागतो. तोच उकडून, सोलून कडक वाळवला की महिनोन्‌महिने राहतो आणि विकण्याची घाई उरत नाही. म्हणून माझ्या मते अशा गावाला आधी वाळवणाची स्वच्छ जागा आणि चक्की हवी. बाकीची मदत नंतर.

आपण ताजा शिंगाडा आणलात तर दातांनी सोलू नका. काही तळ्यांत आतड्यातल्या कृमींच्या अळ्या सालीला चिकटलेल्या असतात. नीट धुऊन, मीठ घालून २० मिनिटे उकडा. पिठाचा शिरा करायचा तर पीठ तुपात खमंग भाजा, नाहीतर कच्चट लागतो.