गोष्टीतून गाळलेली भावकी

नागापूरच्या पुलाखालची सीना पावसाळा सोडला तर नदी म्हणवून घ्यायलाही लाजते. एका काठाला नगर शहर, दुसऱ्या काठाला एमआयडीसी. हीच सीना पुढे करमाळा तालुक्यात उतरते, आणि त्या करमाळ्यात नागराज मंजुळे यांनी ‘सैराट’ चित्रित केला. आमच्याकडे तो पाहून आलेले लोक ‘शेवट बघवला नाही’ एवढंच म्हणायचे. शेवट खोटा आहे, असं म्हणणारा मला भेटला नाही.

गाव, प्रेम आणि खून ही मोट स्पेनमध्येही जुनीच. तिथला अल्मेरिया प्रांत आपल्या पाथर्डी-जामखेडसारखाच कोरडा मुलूख. १९२८ च्या जुलैत निहार गावाजवळच्या ‘कोर्तिहो देल फ्रायले’ या शेतवाड्यावर एक लग्न लागायचं होतं. बापानं मुलीसाठी हात सैल सोडून हुंडा काढला होता. घटका जवळ आली आणि नवरी नात्यातल्याच एका तरुणाबरोबर पळाली. वाटेत त्याला गोळ्या घालून मारलं. मारणारा नवरदेवाचा सख्खा भाऊ, आणि त्याची बायको नवरीची सख्खी बहीण! हुंडा, जमीन घरच्या घरात राहावी, हा त्या सोयरिकीमागचा हिशेब. (याच शेतवाड्याच्या आवारात पुढे क्लिंट ईस्टवूडच्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’चं चित्रीकरण झालं. अशा जागेचंही नशीब कसं असतं पाहा.)

ही बातमी कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यानं वर्तमानपत्रात वाचली. तिच्यातून ‘बोदास दे सांग्रे’, म्हणजे ‘रक्ताचं लग्न’, हे नाटक झालं. १९३३ च्या मार्चमध्ये माद्रिदला पहिला प्रयोग. पुढे कार्लोस साऊरा यांनी १९८१ मध्ये फ्लामेंको नर्तकांच्या तालमीच्या रूपात त्यावर चित्रपट केला, तर २०१५ मध्ये पाउला ओर्तिस यांनी ‘ला नोव्हिया’. नाटकात नवरदेव आणि प्रियकर रात्री रानात एकमेकांना मारतात. चंद्र माणसासारखा बोलतो, मृत्यू भिकारणीच्या रूपात येतो. फार देखणं आहे सगळं. माझी तक्रार एकच, की लोर्कानं भावकी गाळली. दोन घराण्यांचं जुनं वैर त्यानं ठेवलं; पण घरात बसून केलेला हिशेब काढून टाकला, आणि खुनाचं द्वंद्व झालं.

आमच्या जिल्ह्यात भावकी गाळून प्रेमाची गोष्ट सांगताच येत नाही. जानेवारी २०१३ मध्ये नेवासे तालुक्यातल्या सोनईला प्रेमसंबंधाच्या रागातून तीन दलित तरुणांना मारलं गेलं. पाच वर्षांनी नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. १४ फेब्रुवारी २०१४ ला, व्हॅलेंटाइनच्या दिवशी, मंजुळे यांचा ‘फँड्री’ आला. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. नगरजवळच्या अकोळनेर गावात घडणारी ही गोष्ट. त्यातल्या जब्याचं शाळेतल्या एका मुलीवर एकतर्फी प्रेम. ‘फँड्री’ प्रदर्शित झाल्याला अडीच महिने होत नाहीत तोच, २८ एप्रिलला, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांचा एक दलित विद्यार्थी मारला गेला. मुलीशी बोलत होता, एवढं कारण सांगितलं गेलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. एरवी खर्डा हे नाव शाळेत १७९५ च्या लढाईसाठी पाठ केलेलं.

मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकले. ‘ख्वाडा’वाले भाऊराव कऱ्हाडेही त्याच महाविद्यालयाचे. कऱ्हाडे श्रीगोंदा तालुक्यातले. ‘ख्वाडा’ या चित्रपटासाठी त्यांनी स्वतःची जमीन विकली. हे वाचून शेतकऱ्याच्या घरात काय झालं असेल, याची कल्पना इकडच्या माणसाला लगेच येते. धनगर कुटुंबाची भटकंती, लग्नाची वाट पाहणारा धाकटा मुलगा आणि वाट अडवणारा गावपुढारी, असा ‘ख्वाडा’चा मामला. त्यातले आवाज जागेवरच टिपलेले, आणि त्या ध्वनिमुद्रणाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. २०१८ च्या ‘बबन’मध्ये कऱ्हाडे यांनी दुधाच्या धंद्याभोवती प्रेम आणि मारामारी गुंफली. मला तो ‘ख्वाडा’पेक्षा सैल वाटला. पण पहाटे कॅन लावून दूध घालायला निघालेलं पोरगं हिरो होऊ शकतं, हे त्यातून आमच्या पोरांना कळलं.

‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला प्रदर्शित झाला. खर्ड्याचं दुसरं वर्षश्राद्ध आदल्याच दिवशी होऊन गेलेलं. त्यात नायिका आर्चीचा भाऊ प्रिन्स झालेला सूरज पवार हा मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटात शाळेची ओढ लागलेला पोरगा होता. ‘सैराट’मध्ये तोच भर वर्गात मास्तरांच्या कानाखाली ओढतो, आणि शेवटी पाहुण्यांबरोबर हैदराबादला, पळून गेलेल्या बहिणीच्या दारात येतो. हातात आईनं पाठवलेल्या पिशव्या. आर्ची हरखते, माहेरची माणसं म्हणून चहा ठेवते. अजय-अतुल यांनी हॉलिवूडला जाऊन सिम्फनी वाद्यवृंदासह मुद्रित केलेलं संगीत या वेळी कुठंच नाही. ना चंद्र बोलत, ना भिकारीण येत. घरात चहा झालेला आहे, आणि शेजारणीकडून परतलेलं पोर दारात उभं आहे.