विमान चुकले तरी कराची रक्कम परत

आरक्षित विमान चुकले आणि तिकीट आधी रद्दही केले नाही, तर प्रवाशाची नोंद 'नो-शो' अशी होते. स्वस्त तिकिटांचे मूळ भाडे बहुधा बुडतेच. मात्र वैधानिक कर व विमानतळ शुल्क परत करणे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार कंपन्यांना बंधनकारक आहे. ही रक्कम अवश्य मागावी.

खरा फटका बसतो तो जोडप्रवासात. मुंबई-दिल्ली-लंडन या एकाच तिकिटावरील पहिला टप्पा सोडून, नातलगांना भेटायला म्हणून, रेल्वेने दिल्ली गाठणाऱ्याला पुढच्या विमानात प्रवेश नाकारला जाऊ शकतो. पहिला टप्पा चुकला, की बहुतेक कंपन्या परतीसह उर्वरित सर्व प्रवास रद्द करतात. बेत बदलल्यास उड्डाणापूर्वीच कंपनीला कळवून तिकिटात फेरफार करून घ्यावा.