सत्तरीत पहिले लंडन, तेही बेताच्या पैशांत

सेवाग्रामची बापूकुटी आपण अनेकदा पाहिली असेल. मातीच्या भिंती, जमिनीवरची बैठक, हाताच्या बोटांवर मोजता येईल एवढे सामान. त्या कुटीत राहिलेल्या गृहस्थांचा पहिला लंडन प्रवास मात्र एका महागड्या हॉटेलच्या बिलाने सुरू झाला होता, हे कदाचित आपल्या लक्षात नसेल.

४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी मुंबईहून बोटीने निघाले. वय अठरा. सोबतीला जुनागढचे वकील त्र्यंबकराय मजमुदार. बोटीतून उतरताना गांधींनी पांढरे फ्लॅनेलचे कपडे घातले होते. सप्टेंबर संपत आलेला, भोवती सगळे गडद कपड्यांत, आणि सामानाच्या किल्ल्या एजंटाच्या ताब्यात. दुसरा दिवस रविवारचा, म्हणजे सामान मिळण्याची आशा नाही. व्हिक्टोरिया हॉटेलात एक पदार्थ रुचला नाही म्हणून दुसरा मागवला, तर दोन्हींचे पैसे द्यावे लागले. मुंबईहून नेलेल्या शिदोरीवरच दिवस निघाले, आणि निघताना बिल झाले सुमारे तीन पौंड. खर्चही झाला आणि पोटही भरले नाही, असा अनुभव त्यांनी आत्मकथेत नमूद केला आहे.

आज वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील निवृत्त मित्रमंडळी सकाळच्या फिरण्यात परदेशप्रवासाचे बेत करू लागली आहेत. मुले परगावी स्थिरावली, निवृत्तिवेतन नियमित येते, पासपोर्ट निघालेला आहे. मनात हौस आहे आणि खिशाला मर्यादाही आहे. अशा पाच-सहा जणांच्या पहिल्या प्रवासासाठी हे लिहीत आहे. त्यांना निरोप देऊन घरी काळजी करत बसणाऱ्या सुना-मुलांसाठीही.

प्रथम एक आग्रहाचे मत. बारा दिवसांत आठ देशांच्या सहली सत्तरीच्या शरीरासाठी नाहीत. रोज पहाटे बॅग भरायची, दिवसभर बसमध्ये पाय लोंबकळत बसायचे आणि रात्री नव्या पलंगावर झोप येत नाही म्हणून कूस बदलायची, यात पाहणे कमी आणि थकणे अधिक. त्यापेक्षा एकच शहर, एकच मुक्काम आणि आठ-दहा दिवस. लंडन त्यासाठी सोयीचे आहे. भाषा अगदीच परकी नाही, वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात आणि ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नॅचरल हिस्टरी ही मोठी संग्रहालये विनामूल्य पाहता येतात. मात्र पॅरिस-रोमसाठी लागणारा शेंगेन व्हिसा लंडनला चालत नाही. ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. २०२५ मध्ये सहा महिन्यांच्या साध्या पर्यटन व्हिसाचे शुल्क १२७ पौंड होते.

याच व्हिसापाशी पहिली धोक्याची जागा येते. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण सक्तीचे आहे. ब्रिटनच्या पर्यटन व्हिसासाठी अशी सक्ती नाही. त्यामुळे काटकसरीचा बेत आखणारी मंडळी नेमका हाच खर्च गाळतात. तिथे दवाखाना फुकट असतो, असेही कोणीतरी सांगितलेले असते. हे अर्धेच खरे आहे. तिथल्या सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात तपासणी व प्राथमिक उपचार पाहुण्यालाही विनामूल्य मिळतात. परंतु रुग्णाला दाखल करून घेतले की परदेशी पाहुण्याकडून मूळ दराच्या दीडपट आकारणी होते. हृदयविकाराचा झटका किंवा मोडलेले खुबे हे दाखल होण्याचेच आजार आहेत. ते बिल निवृत्तिवेतनातून फिटणारे नसते, आणि थकले तर पुढच्या व्हिसालाही अडचण येऊ शकते.

म्हणून विमा काढायचाच, आणि काढताना रक्तदाब, मधुमेह, जुनी अँजिओप्लास्टी यांतले काहीही लपवायचे नाही. हप्ता वाढेल म्हणून आजार न सांगणे म्हणजे हप्ता भरूनही विम्याविना प्रवास करणे. आधीपासूनचे आजार कोणत्या मर्यादेपर्यंत धरले आहेत, हे पॉलिसीत वाचून घ्यावे. काही पॉलिसींत ते जिवावर बेतलेल्या प्रसंगापुरतेच असतात. छापील अक्षर बारीक असते, तेव्हा हे काम घरच्या तरुण माणसाकडे सोपवावे.

आता गांधींच्या काटकसरीकडे पुन्हा वळू. त्या पहिल्या बिलानंतर त्यांनी पै-पैचा हिशेब ठेवण्यास आरंभ केला. कुटुंबात राहण्याऐवजी स्वतंत्र खोल्या घेतल्या, पुढे दोन खोल्यांची एक केली, शेगडी आणून सकाळची ओटची लापशी स्वतः शिजवली. गाडीभाडे वाचवण्यासाठी ते दिवसाला आठ-दहा मैल चालत आणि त्यामुळेच आपण तिथे आजारी पडलो नाही, असे त्यांचे मत होते. फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडले तेव्हा कुठे पोटभर जेवले. यातले स्वयंपाकघर आजही जसेच्या तसे घेण्यासारखे आहे. चालण्याबाबत मात्र विचार हवा. आठ-दहा मैल म्हणजे तेरा ते सोळा किलोमीटर, आणि ते पाय एकोणीस वर्षांचे होते.

स्वयंपाकघर असलेले घर किंवा सदनिका चार-पाच जणांत भाड्याने घेतली की हॉटेलपेक्षा खर्च बराच आटोक्यात येतो. उन्हाळी सुटीत लंडनमधील विद्यापीठांची वसतिगृहेही पाहुण्यांना खोल्या देतात. युवा वसतिगृहांत वयाची अट नाही, ती स्वस्तही असतात; पण तिथे एकावर एक पलंग असतात आणि स्वच्छतागृह बहुधा सामाईक. रात्री दोनदा उठावे लागणाऱ्या माणसाने वरच्या पलंगाच्या शिडीवर काटकसर करू नये. खालचा पलंग आधी लेखी मागून घ्यावा. तो मिळत नसेल तर ती जागा आपल्यासाठी नाही. घर भाड्याने घेताना लिफ्ट आहे का, नसल्यास जिना किती मजल्यांचा, हे विचारावे. जुन्या लंडनमधील कित्येक घरांचे जिने अरुंद आणि उभे आहेत.

डाळ, तांदूळ, कणीक तिथे सहज मिळते; वेंबली, साउथॉल, हॅरो या भागांत तर आपल्याकडचा सगळा किराणा आहे. तेव्हा इथून पोती नेण्याचे कारण नाही. जवसाची चटणी, सातूचे पीठ, फुटाणे एवढे पुरे. दूध व दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, खव्याची मिठाई, तूप घरीच. वर्ध्याचा माणूस गोरसपाक नेण्याचा मोह टाळू शकत नाही, हे मान्य. पण तो तुपातला आहे, म्हणून ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरील ताजी यादी पाहूनच बॅगेत घालावा. नळाचे पाणी तिथे पिण्यायोग्य असते. बाटली भरून घेतली की रोजचे काही पौंड वाचतात.

औषधांचे प्रकरण जरा विस्ताराने सांगायला हवे. संपूर्ण मुक्काम आणि वर आठवडाभर पुरतील इतकी औषधे मूळ पाकिटांत, हातातल्या बॅगेत ठेवावीत. मोठी बॅग मागे राहिली तर काय होते, याचे उदाहरण पांढऱ्या फ्लॅनेलमधला तो तरुण आहे. त्याचे फक्त कपडे अडकले, आपले इन्सुलिन अडकेल. विमानाच्या पोटातील सामानात इन्सुलिन गोठूनही खराब होऊ शकते. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी आणि तीत औषधांची मूळ रासायनिक नावे असावीत, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तिथल्या औषधविक्रेत्याला अपरिचित असतात.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पायांची जळजळ आणि मुंग्यांसाठी आपल्याकडील अनेक मधुमेही घेतात ते प्रेगाबालिन, तसेच गॅबापेन्टिन, ही औषधे ब्रिटनमध्ये २०१९ पासून नियंत्रित गटात आहेत. ट्रामाडॉल हे वेदनाशामक आणि डायझेपामसारख्या झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्याही त्याच स्वरूपाच्या. तीन महिन्यांपेक्षा कमी साठा असेल तर परवाना लागत नाही, पण आपले नाव, प्रवासाचे दिवस, औषध, मात्रा आणि डॉक्टरांची सही असलेले इंग्रजी पत्र जवळ हवे.

उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणजे जाण्याचा दिवस तेवढा लांबतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या दिवशीच्या मात्रा आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्याव्यात. अंदाजाने वाढवू वा गाळू नयेत. प्रवासभर एक घड्याळ भारतीय वेळेवर ठेवले तर गोंधळ कमी होतो.

विमानात आणखी एक चुकीची काटकसर घडते, ती पाण्याची. वारंवार उठावे लागू नये म्हणून ज्येष्ठ मंडळी पाणी पीत नाहीत, काहीजण तर रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी परस्पर बंद करतात. मुंबई ते लंडन थेट विमान नऊ-दहा तासांचे, त्याआधी वर्धा ते मुंबईचा प्रवास. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो आणि शरीर कोरडे पडले तर त्रासात भरच पडते. मार्गिकेकडचे आसन मागावे, तासा-दीड तासाने उठावे, बसल्या जागी टाचा-चवडे वरखाली करावेत. ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे, नुकतीच गुडघ्याची वा खुब्याची शस्त्रक्रिया झाली आहे किंवा कर्करोगाचे उपचार सुरू आहेत, त्यांनी घट्ट मोजे किंवा औषध लागेल का, हे सेवाग्राम, सावंगी वा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना आधी विचारावे. ऐकीव माहितीवर ॲस्पिरिन घेऊ नये. विमानतळावरची चाकांची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवावी. ती मागण्यात कमीपणा वाटणारे बहुधा पुरुषच असतात, असे निरीक्षण आहे.

शहरात फिरण्यासाठी भुयारी रेल्वेपेक्षा बस बरी. भुयारी रेल्वेच्या जेमतेम एक-तृतीयांश स्थानकांत रस्त्यापासून फलाटापर्यंत पायऱ्यांविना जाता येते; बसचा मजला मात्र खाली असतो आणि खिडकीतून शहरही दिसते. २०२५ मध्ये बसचे भाडे १.७५ पौंड होते व त्यात तासाभरात कितीही बसगाड्या बदलता येत. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, आणि प्रत्येकाचे कार्ड वेगळे लागते. साठीवरील लोकांना मिळणारी मोफत प्रवासाची सवलत लंडनच्या रहिवाशांपुरतीच आहे. तिच्या भरवशावर हिशेब मांडू नये. मोठ्या संग्रहालयांत बसायला बाके, चांगली स्वच्छतागृहे आणि मागितल्यास चाकांची खुर्ची मिळते, म्हणून दिवसाचा आराखडा त्यांच्याभोवती आखावा. एका दिवसात एकच. मे महिन्यात वर्ध्याच्या पंचेचाळीस अंशांतून निघून आपण तिथल्या अठरा अंशांत उतरतो, सकाळी तर नऊ-दहा अंशच असतात. स्वेटर हातातल्या बॅगेत हवा.

मित्रांबरोबरच्या प्रवासाचा खरा कस लागतो तो वेगवेगळ्या चालींमुळे. एकाला पहाटे उठून पूल पाहायचा असतो, दुसऱ्याचा गुडघा दहा वाजेपर्यंत वाकत नाही. ज्याची चाल सर्वांत मंद, त्याच्या चालीने गटाने चालायचे, हे तिकीट काढण्यापूर्वीच ठरवावे. आणि ज्यांना अधिक चालायचे त्यांनी दुपारनंतर जोडीने जावे, एकट्याने नाही. त्याहून अवघड ठरते ते एकमेकांना आजार सांगणे. तीस वर्षांच्या मैत्रीतही कोणाला फेफऱ्याच्या गोळ्या सुरू आहेत, कोणाला रात्री भ्रम होतो, कोणाला लघवी आवरत नाही, हे ठाऊक नसते. निघण्याआधी एका बैठकीत प्रत्येकाने आपले आजार, औषधे आणि घरचा दूरध्वनी एका कागदावर लिहून त्याची प्रत इतरांना द्यावी. विस्मरणाची सुरुवात झालेल्या मित्राला नेऊ नये असे नाही. पण नव्या जागी, झोपेची वेळ उलटलेली असताना तो रात्री दार उघडून बाहेर पडू शकतो, हे खोलीतल्या सोबत्याला माहीत असायला हवे. घरच्यांनी ही गोष्ट लाजेपोटी लपवू नये.

घरी राहणाऱ्यांसाठी एवढेच की दर तासाला फोन करू नये. लंडनची सकाळ आठची वेळ म्हणजे वर्ध्याची दुपारी साडेबाराची; ती एक वेळ ठरवून घ्यावी. पासपोर्ट, व्हिसा, विमा आणि औषधपत्र यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. तिथे साध्या दुखण्यासाठी औषधविक्रेता सल्ला देतो, तातडी नसलेल्या पण काळजीच्या प्रसंगी १११ आणि जीव धोक्यात असेल तर ९९९ हा क्रमांक फिरवावा.

सामानाबद्दल १९३१ चा प्रसंग सांगण्यासारखा आहे. गोलमेज परिषदेसाठी निघालेल्या गांधींनी बोटीवर आपल्या सोबत्यांच्या पेट्या पाहिल्या आणि अनावश्यक सामान एडनहून परत पाठवायला लावले. लंडनमध्ये ते पूर्वेकडच्या गरीब वस्तीत, बो भागातील किंग्जली हॉलच्या गच्चीवरील लहानशा खोलीत राहिले आणि पहाटे त्याच गल्ल्यांतून फिरायला जात. तेव्हा वय बासष्टच्या घरात होते. ती वास्तू आजही उभी आहे. जाण्याआधी चौकशी करून वेळ ठरवावी. टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमधील गांधींचा १९६८ चा पुतळा बागेत आहे, बसायला बाके आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थिदशेत १९२१-२२ मध्ये राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने घेऊन स्मारक केले आहे. विदर्भातून गेलेल्या माणसाने तिथे एक सकाळ राखून ठेवावी.

परतल्यावर दोन दिवस कोणतेही कार्य, लग्न, सत्कार ठरवू नये. पुढच्या काही आठवड्यांत एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर प्रवासाचा शीण समजून घरी पडून न राहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि लांबचा विमानप्रवास केल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगावे.